नंदाच्या आधीचा थांबा

माझ्या सासूबाई कशालाच घाबरत नाहीत, असं मी मैत्रिणींना सांगायचे आणि त्यात कौतुकापेक्षा तक्रारच जास्त असायची. २०१३ साली त्या आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, देश सोडून आमच्या पुंगोलच्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. आठवड्याच्या आत सासूबाई खाली भाजीवाल्या चिनी आजींशी शुद्ध मराठीत भांडून आल्या. कोथिंबीर शिळी होती म्हणे. दुसऱ्या दिवसापासून त्या आजी यांच्यासाठी ताजी जुडी वेगळी काढून ठेवायला लागल्या. मला मात्र त्याच दुकानात चार वर्षं मिळेल ती जुडी मुकाट घ्यावी लागली होती.

त्यांचं नाव उर्मिला उद्धव बारटक्के. मी त्यांना आई म्हणते. बुटक्या, ताठ, आवाज खणखणीत. स्वयंपाकघरात मी तेल जास्त घातलं तर त्या बोलत नाहीत, फक्त बरणीकडे बघतात. ते बघणं मला बोलण्याहून लागतं. आमचं पटत नव्हतं असं नाही, पण आम्ही दोघीही शेवटचा शब्द आपलाच हवा म्हणणाऱ्या, त्यामुळे संभाषणं लांबायची.

बाबा अगदी वेगळे. पस्तीस वर्षं एसटीत काढलेले. पहिली तीन वर्षं स्वारगेटला चौकशीच्या खिडकीत, मग हातात माइक आणि शिट्टी घेऊन वाहतूक नियंत्रक. मऊ बोलणारा माणूस, पण गाडीच्या वेळेच्या बाबतीत कसाई. पस्तीस वर्षांत कुणासाठी एक गाडी थांबवली नाही, हा त्यांचा अभिमान. एकदा आई कडेवर तीन महिन्यांच्या प्रणवला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, घेऊन वाईच्या गाडीसाठी धावत येत होत्या, समोर पाच पावलांवर होत्या, आणि यांनी शिट्टी मारून गाडी सोडली. "स्वतःच्या बायकोसाठी थांबवली असती तर लोक काय म्हणाले असते?" असं बाबा म्हणायचे. आई हे पाहुण्यांना सांगायच्या, माझ्या माहेरच्यांना सांगायच्या, बाबांना तर दर महिन्याला ऐकवायच्या. बाबा खालमानेनं हसायचे.

इथं दोघांचा एक ठरलेला कार्यक्रम होता. संध्याकाळी पाच वाजता मेरिडियन स्टेशनवरून एलआरटीत बसायचं आणि अख्खी फेरी मारून पुन्हा मेरिडियनलाच उतरायचं. बिनड्रायव्हरची ती छोटी गाडी इमारतींच्या मधून वळसे घेत गोल फिरते. बाबा उभे राहून स्टेशनांची नावं घ्यायचे, माइक नसलेल्या हातानं. "कोरल एज, रिव्हिएरा, कडलूर, ओएसिस, दमाई..." आई पर्समधून शेंगदाण्याची चिक्की काढून लपवून खायच्या. गाडीत खायला बंदी आहे, हे मी शंभरदा सांगितलं होतं. "मला कोण पकडतंय? ड्रायव्हर तर नाहीच," हे त्यांचं उत्तर. जिथून निघायचं तिथंच परत यायचं, याला मी येड्यांचा प्रवास म्हणायचे. आज ते आठवलं की जीभ चावते.

कारण त्याच गाडीत, २०१६ सालच्या मार्चमध्ये, बाबांनी त्यांना विचारलं होतं, "वाई आली का गं?" आणि आईंनी ते आम्हाला सांगितलं नाही.

सांगितलं नाही एवढंच नाही, सहा महिने लपवलं. आता मागे वळून बघते तेव्हा त्यांची सगळी कसरत दिसते. पाहुणे आले की त्या बाबांच्या आधी बोलायच्या. "हे बघा, अभय आलाय, प्रणवच्या ऑफिसातला." फोन आला की बाबांच्या हातात देण्याआधी मोठ्यानं म्हणायच्या, "तुमचा भाऊ दिलीप आहे हं, नाशिकहून." मला वाटायचं, ही बाई नवऱ्याला तोंडसुद्धा उघडू देत नाही. एकदा मी चिडून म्हटलंही, "आई, बाबांना बोलू द्या की जरा!" त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि पहिल्यांदाच शेवटचा शब्द त्यांनी मला घेऊ दिला. मला त्यात माझा विजय दिसला होता.

सप्टेंबरमध्ये एका दुपारी मी ऑफिसात असताना फोन आला. "अनघा, हे घरात नाहीत."

एवढंच. पण तो आवाज मी ओळखला नाही. मी स्क्रीनवर नाव पुन्हा बघितलं. मग चांगीच्या ऑफिसातून टॅक्सी करून पुंगोलला निघाले. बाबांना इंग्रजी बेताचं, खिशात फोन नाही, बाहेर सगळ्या इमारती एकसारख्या, फक्त नंबर वेगळे. शिवाय घराच्या मागे कालव्याचं पाणी. त्या पाण्याचा विचार मी मुद्दाम करत नव्हते, आणि तोच येत होता.

आई खाली बाकांपाशी उभ्या होत्या. पायात दोन वेगळ्या चपला. सगळा ब्लॉक पालथा घालून झाला होता. मी पोलिसांना फोन लावणार, एवढ्यात त्या म्हणाल्या, "गाडीत असतील. चल."

आम्ही मेरिडियनच्या फलाटावर उभ्या राहिलो. गाड्या येत होत्या, दारं उघडत होती, शाळेची मुलं उतरत होती, दारं मिटत होती. प्रत्येक गाडीला आई काचेला नाक लावून बघायच्या आणि मागे सरकायच्या. चार गाड्या गेल्या. पाचव्या गाडीत बाबा होते. दांड्याला धरून उभे, शर्ट घामानं भिजलेला, आणि तोंडानं चालू, "खेड शिवापूर, शिरवळ, खंडाळा, सुरूर..." बाजूला उभी असलेली मुलगी घाबरून लांब सरकली होती.

आई आत चढल्या. त्या रडतील, रागावतील असं मला वाटलं होतं. त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "काय हो, दमलात?"

"वाईची पाटीच लागत नाही गं," बाबा म्हणाले. "कधीचा बघतोय."

"लागेल. आपण उतरून वाट बघू."

बाबा हरवले तेव्हा मी घाबरले होतेच. पण या उत्तरानं जास्त घाबरले. ते इतकं सहज आलं होतं की हे संभाषण पहिलं नव्हतं, हे मला तिथंच कळलं.

मग प्रणवनं सुट्टी काढली आणि आम्ही चौघं मेमरी क्लिनिकमध्ये गेलो. डॉक्टरीण तरुण होती, समजूतदार होती. ती इंग्रजीत विचारायची, प्रणव मराठीत सांगायचा. साल कोणतं? बाबा नुसते हसले. महिना? "पावसाळा संपत आला." हे ठिकाण कोणतं? "ऑफिस आहे कुठलंतरी." मग तिनं आईंकडे बोट करून विचारलं, या बाईंचं नाव काय?

बाबांनी आईंकडे नीट बघितलं. इतका वेळ ते कुणाकडे बघत नसत. मग थोडे लाजून म्हणाले, "नंदा."

डॉक्टरनं फॉर्मवर बघितलं. तिथं उर्मिला लिहिलं होतं. प्रणव घाईघाईनं समजवायला लागला, की चूक नाहीये ते, आईचं माहेरचं नाव नंदा आहे, मामा अजून नंदाताईच म्हणतो. डॉक्टर म्हणाली, माहेरचं म्हणजे आडनाव ना? प्रणव म्हणाला, आडनावही बदलतं आणि नावही. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. तिला हे नवीन होतं. लग्न झालं की बाईचं पहिलं नावच बदलून टाकतात आणि ते सगळ्यांना चालतं, हे तिला इंग्रजीत सांगताना माझं मलाच विचित्र वाटायला लागलं. शेवटी तिनं विचारलं, मग मी काय लिहू, बरोबर की चूक?

प्रणव म्हणाला, बरोबर. आई एकदम म्हणाल्या, "चूक लिही म्हणावं तिला."

"अगं आई, बरोबरच आहे की!"

"चूक लिहायला सांग," आई म्हणाल्या. मांडीवरच्या पर्सची चेन त्या उघडमीट करत होत्या. त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला काही समजेना. एका मार्काचा प्रश्न होता, तोही आपल्या बाजूचा, आणि ही बाई तो घालवायला बघत होती.

घरी आल्यावर मी चहा टाकला आणि सरळ विचारलं. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. बाहेर ऋग्वेदा, माझी आठ वर्षांची लेक, आजोबांना पत्ते शिकवत होती.

"चूक असती तर बरं होतं," आई म्हणाल्या. "चुकून तोंडात आलं असं म्हटलं असतं. पण बरोबर असेल ना, तर ते लग्नाच्या मागं गेलेत."

"म्हणजे?"

"अगं, हे मागं मागं चाललेत. गुढीपाडव्याला मला म्हणाले, प्रणवची दहावीची फी भरायचीय. मी म्हटलं, चला, चौऱ्याण्णव साल. मग गणपतीत म्हणाले, पाळण्याची दोरी बदल, पोरगं पडेल. म्हणजे प्रणव तान्हा. मग एक दिवस सासूबाईंना औषध दिलंस का म्हणून विचारलं. त्या बाहत्तर साली गेल्या. मी रोज सकाळी उठले की आधी बघते, आज कुठं आहेत. तिथं मी जाते. तिथलं बोलते. आजवर जिथं गेले तिथं मी होते गं. तरुण होते, पण होते."

त्यांनी चहाचं भांडं उगाच ढवळलं.

"नंदा म्हणून त्यांनी मला एकदाच पाहिलंय. वाईला मला बघायला आले होते तेव्हा. लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात सोन्याच्या अंगठीनं त्यांनीच लिहिलं, उर्मिला. पण हाक कधी मारली नाही. ना नंदा, ना उर्मिला. आयुष्यभर 'अगं'. सत्तेचाळीस वर्षांनी आज त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकलं, आणि ते हे."

"त्यात इतकं घाबरण्यासारखं काय आहे, आई?"

"नंदाच्या आधीचा थांबा कुठला, सांग बरं. तिथं मी नाहीये."

चहा उतू गेला. आम्ही दोघींनीही गॅस बंद केला नाही.

त्यानंतर ती भीती माझ्यातही शिरली. आईंना जे वाटायचं ते त्यांच्याजवळ राहायचं नाही, घरभर पसरायचं. सकाळी डोळे उघडले की मी अंथरुणातूनच कान द्यायचे. बाबा उठले, खोकले, बाहेर आले. आता काय म्हणतील? मी तर त्यांच्या कुठल्याच सालात नव्हते, मला गमावण्यासारखं काही नव्हतं, तरी त्यांचं पहिलं वाक्य ऐकल्याशिवाय मी उठायचे नाही. एकदा मी प्रणवला उगीचच विचारलं, माझं नाव काय? तो लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "अनघा, डोकं खाऊ नकोस." मला फार बरं वाटलं.

आईंनी मात्र हातपाय गाळले नाहीत. त्यांनी ठरवलं, बाबांना तिथंच धरून ठेवायचं, नंदापाशी. वाईच्या त्या दिवशी कांदेपोहे होते, ओलं खोबरं भुरभुरलेले. मग रोज सकाळी कांदेपोहे. मुस्तफा नावाच्या दुकानातून पोह्यांची सहा-सहा पाकिटं यायला लागली. ऋग्वेदा इथल्या बोलीत वैतागली, "पोहे अगेन? एव्हरी डे पोहे लाह!" आई तिला म्हणाल्या, "तुला ब्रेड देते हो, पण आजोबांच्या समोर बसून खाऊ नकोस." पोह्यांच्या वासानं बाबा खुर्चीत सरळ बसायचे, शर्टाचं वरचं बटण लावायचे. आई बशी घेऊन बाहेर यायच्या, पदर नीट करून, नजर खाली. अडुसष्ट वर्षांच्या बाईनं हे करावं, आणि आमच्या देखत करावं, याचं पहिल्या दिवशी मला हसू आलं. मग बाबांनी विचारलं, "आपलं नाव काय?" आणि आई म्हणाल्या, "नंदा." माझं हसू गेलं.

असं रोज सुरू झालं. आपलं नाव काय? नंदा. स्वयंपाक येतो? येतो. एसटीतल्या माणसाची वेळ-अवेळ चालेल? चालेल. शेवटच्या उत्तराला आई थोडा वेळ घ्यायच्या, बहुतेक ती शिट्टी आठवून.

२०१७ सालच्या मार्चमधली एक सकाळ मी विसरणार नाही. आई बशी ठेवून आत गेल्या. बाबांनी मला हळूच खुणेनं बोलावलं. त्यांच्या लेखी मी त्यांची थोरली वहिनी होते, त्या दिवशी त्यांच्याबरोबर वाईला आलेली.

"वहिनी, मुलगी पसंत आहे."

"बरं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"पण एक करा. आईला तुम्ही सांगा. मला तिच्यापुढे बोलायला जमायचं नाही." ते अगदी कानाशी आले. "तिचं नाव बदलायचं नाही. नंदाच राहू दे. छान आहे."

मी आत वळून बघितलं. आई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं. त्यांचा चेहरा लाल झाला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"तेव्हा का नाही बोललात?" त्या म्हणाल्या. "सत्तेचाळीस वर्षं मला वाटलं, तुम्हाला नंदा आवडली नाही!"

बाबा गोंधळून आपल्या बशीकडे बघत राहिले. नुकत्याच पाहिलेल्या मुलीनं अंगावर ओरडावं, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. आई तोंड धुऊन आल्या आणि त्यांना आणखी पोहे वाढले. त्या दिवशी संध्याकाळी त्या दोघांबरोबर मीही एलआरटीत बसले. आईंनी मला चिक्की दिली आणि मी ती निमूट खाल्ली.

पुढे आठ महिने हा मुक्काम टिकला. डॉक्टरीण म्हणायची, हे असं किती दिवस, सांगता येत नाही. आई तिचं ऐकून घ्यायच्या आणि घरी येऊन पोहे भिजवायच्या. पण रात्री झोप लागत नाही, हे त्यांनी मला कबूल केलं. प्रश्न यायला रोज थोडा थोडा उशीर व्हायला लागला होता. आधी बशी ठेवली की यायचा. मग दोन घास झाल्यावर. मग अर्धी बशी संपल्यावर. तेवढ्या वेळात आई तिथंच उभ्या असायच्या, आणि आत बेडरूममध्ये मी आणि प्रणव ऑफिसचे कपडे हातात धरून.

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी बशी रिकामी झाली आणि प्रश्न आला नाही.

मी दारात आले. बाबांनी रुमालानं तोंड पुसलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग टेबलावर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसले, कुणीतरी काही विचारायला येईल अशा बेतानं. आई समोरच उभ्या होत्या. त्यांच्यावरून बाबांची नजर गेली, कपाटावरून जाते तशी, आणि पुढे निघून गेली. प्रणव "आई" म्हणून पुढे झाला. आईंनी हातानंच त्याला थांबवलं. मला वाटलं, आता कोसळतील.

त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. पर्स खुर्चीवर होती, ती काखेत धरली. मग टेबलाच्या समोर, बाबांच्या अगदी पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या, आणि थोडं वाकून म्हणाल्या, "अहो."

नवऱ्याला मारायची ती हाक. चौकशीच्या खिडकीतल्या अनोळखी माणसालाही तीच.

"अहो, वाईची गाडी किती वाजता आहे?"

बाबांनी वर बघितलं. कितीतरी दिवसांनी चेहऱ्यावर समज आली. "बसा बाई," ते म्हणाले. "गाडीला अजून वेळ आहे. एकट्याच आहात?"

"नाही," आई म्हणाल्या. "आमचे हे यायचेत."

बाबांनी पुन्हा घड्याळाकडे बघितलं. खिशात शिट्टी चाचपली आणि हात तसाच बाहेर काढला.

"येऊ देत," ते म्हणाले. "तोवर सोडत नाही मी गाडी."

आईंनी खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसल्या.